खान्देशातलं हिव: उत्तरेचा वारा सुटला की काय करायचं

जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला ऊन शिकवावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी बाहेर पडायचं नाही, डोक्याला रुमाल बांधायचा, पाणी पीत राहायचं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. थंडीच्या बाबतीत मात्र आपण बेफिकीर आहोत. 'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?' म्हणून विषय सोडून देतो. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. तोरणमाळ, डाब, मोलगीच्या पट्ट्यात गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. आणि त्याच पहाटे कुणीतरी कमरेपर्यंत भिजून गव्हाला पाणी देत असतं. माणूस दगावायला बर्फ लागत नाही. ओले कपडे आणि वारा एवढं पुरतं.

मी यावल तालुक्यातला शेतकरी. घरात आणि भावकीत हिवाळ्यात जे घडताना पाहिलं, त्यातल्या काही गोष्टी वेळीच माहीत असत्या तर टळल्या असत्या. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून काढतोय.

वारा आधी ओळखा

हिमालयात पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारं पावसा-बर्फाचं वातावरण, येतो तेव्हा तिकडे बर्फ पडतो. आपल्याकडे त्या दिवसांत बरेचदा ढग येतात, रात्री थोडी ऊब वाटते, आणि लोक म्हणतात, 'गेली थंडी.' खरी थंडी त्यानंतर येते. झंझावात पुढे सरकला की उत्तरेचा कोरडा वारा राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून तापीच्या खोऱ्यात उतरतो. ढगांचं पांघरूण निघालेलं असतं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता आभाळात सोडून देते. तेव्हा खूण अशी धरायची: काल ढग होते, आज आभाळ धुतल्यासारखं निळं आहे आणि वारा सातपुड्याच्या बाजूने येतोय, तर पुढच्या दोन-तीन पहाटा जड जाणार.

हवामान विभाग मैदानी भागात थंडीची लाट जाहीर करतो ती किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त घसरलं असेल तेव्हा. पारा ४ अंशांवर आला तर सरासरी न बघताच लाट धरतात. पण बातमीतला आकडा हा केंद्रावरच्या उपकरणाचा असतो. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी खोलगट जागेत साचते. नाल्याकाठच्या शेतात गावातल्यापेक्षा दोन-तीन अंश कमी असणं काही विशेष नाही. आणि सगळ्यात थंड वेळ मध्यरात्रीची नसते, ती सूर्य उगवायच्या आसपासची असते.

वाऱ्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. हवा ५ अंश असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरने वाहत असेल, तर उघड्या कातडीला ती जवळपास शून्य अंशासारखी लागते. अंगाभोवती उबदार हवेचा पातळ थर असतो, वारा तो सारखा उडवून नेतो. कापड भिजलेलं असेल तर उष्णता त्याहून कितीतरी वेगाने जाते. म्हणून पुढचं सगळं दोनच गोष्टींभोवती फिरतं: वारा अडवायचा आणि अंग कोरडं ठेवायचं.

रात्री पाणी भरायला जाताना

शेतीची थ्री फेज वीज अनेक गावांत अजून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी येते. रात्रीचा आठवडा लाटेत सापडला की शेतकऱ्याला सगळ्यात मोठा धोका तिथे असतो. ठिबक असेल आणि पंपाला ऑटो किंवा मोबाइल स्टार्टर असेल तर रात्री शेतात जाऊच नका, हा पहिला सल्ला. गहू, हरभरा एखादा दिवस थांबू शकतात. लाटेच्या त्या दोन रात्री पाणी पुढे ढकललं तर पीक जात नाही.

जावंच लागलं तर निघायच्या आधी ही तयारी करा.

अंगात जाड स्वेटर एकच घालण्यापेक्षा पातळ कपडे दोन-तीन घाला, एकावर एक. मधल्या हवेनेच ऊब राहते. सगळ्यात वर रेनकोट किंवा वारा न शिरणारं काहीतरी हवंच. काही नसेल तर धुतलेल्या खताच्या गोणीची खोळ करा. पावसाळ्यात डोक्यावरून घेतो तीच खोळ हिवाळ्यात पाठीला वारा लागू देत नाही. कानटोपी, पायात गमबूट. सुती कापड भिजलं की ऊब धरत नाही, लोकर बऱ्यापैकी धरते. म्हणून अंगाला लागून जुना लोकरी स्वेटर असेल तर उत्तम.

दुसरं, पिशवीत एक कोरडा जोड ठेवा: पायजमा, बनियन, मोजे, टॉवेल. ही पिशवी प्लॅस्टिकची आणि तोंड बांधलेली असावी. भिजलात तर घरी जाऊन बदलू म्हणायचं नाही, मळ्यातल्या खोलीतच, आडोशाला, लगेच बदलायचं. घर दोन किलोमीटर असेल आणि मोटारसायकलवर जायचं असेल तर तेवढ्यात अंगातली उरलीसुरली ऊब जाते.

तिसरं, एकट्याने जायचं नाही. दोघं नसतील तर घरी सांगून जा की अमुक वाजेपर्यंत फोन करीन. फोन आला नाही तर घरच्यांनी उठून यायचं, 'येईलच' म्हणत झोपायचं नाही. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याची भीती असते त्यासाठीही दोघं बरे. आणि ओल्या हाताने स्टार्टरला हात लावायचा नाही, ही गोष्ट तर बारा महिन्यांची.

निघण्याआधी पोटात काहीतरी गरम आणि भरीव हवं. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. हुडहुडी भरून अंग ऊब तयार करतं, त्याला जळण लागतं. दारू मात्र अजिबात नको. दारूने गरम वाटतं ते कातडीकडे रक्त जास्त जातं म्हणून. ती गरमी आतल्या अवयवांची असते आणि बाहेर निघून जाते. वर थंडी कळतही नाही.

अंग थंड पडलं हे कसं ओळखायचं

आमच्या नानांची गोष्ट सांगतो. जानेवारी होता, रात्री बाराला लाइट आली, नाना गव्हाला पाणी द्यायला गेले. पाइपाचा जोड निसटला आणि कमरेपर्यंत भिजले. जोड बसवून पुन्हा उभे राहिले, कारण वाफे अर्धे राहिले होते. साडेचारला घरी आले ते ओट्यावरच बसले. मी विचारलं तर म्हणाले, "काही नही भो, जरासं हिव वाजी राह्यनं." पण शब्द जिभेवर अडकत होते. स्वेटरचं बटण त्यांना काढता येईना. बोटं बटणावरून घसरत होती, आणि ते त्या बटणाकडे असे बघत होते की जणू ते कुणा दुसऱ्याचं आहे. आधी कापत होते, ते कापणंही थांबलेलं होतं. आम्हाला वाटलं, बरं वाटतंय.

तेच सगळ्यात वाईट लक्षण होतं. शरीराचं आतलं तापमान साधारण ३७ अंश असतं. ते ३५ च्या खाली गेलं की धोका सुरू होतो. सुरुवातीला जोरात हुडहुडी भरते, मग बोलणं जड होतं, चाल अडखळते, साधी कामं जमत नाहीत, माणूस चिडतो किंवा गप्प होतो. गारठलेल्या माणसाचं कापणं थांबलं आणि तो सुस्त पडला, तर अंगातलं जळण संपलंय असं समजा. दारू न प्यालेला माणूस प्यालेल्यासारखा वागतोय, हे पाहिलं तरी पुरे.

आम्ही नानांना शेकोटीजवळ नेलं आणि तिघांनी मिळून हातपाय जोरजोरात चोळले. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर रागावले. चोळल्याने आणि हातपाय शेकल्याने तिथलं गार रक्त एकदम हृदयाकडे येतं, आणि गारठलेलं हृदय त्याने बिघडू शकतं. शेकोटीपाशी बधिर कातडी भाजते तेही कळत नाही. नाना वाचले. पण आता आम्ही काय करू ते क्रमाने सांगतो.

माणसाला आधी वाऱ्यातून आत घ्या, आडवं करा, चालवू नका. ओले कपडे काढा, निघत नसतील तर कात्रीने कापा. अंग हलकेच टिपून कोरडं करा. खाली चटई किंवा पोतं हवंच, कारण थंड फरशी पाठीतून ऊब ओढते. मग गोधडी, कांबळ, डोक्याला टोपी. ऊब द्यायची ती छाती, मान, काखा आणि जांघा इथे: कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून, किंवा घरातलं कुणी त्याच पांघरुणात चिकटून झोपून. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तरच गोड कोमट चहा किंवा दूध. गुंगीत असेल तर तोंडात थेंबही घालू नका. आणि १०८ ला फोन सगळ्यात आधी, घरातल्या दुसऱ्या माणसाने. श्वास बंद दिसला तर छाती दाबायला सुरुवात करा. गारठलेला माणूस मेल्यासारखा दिसतो पण कधीकधी परतही येतो, म्हणून दवाखान्यात पोहोचेपर्यंत आशा सोडायची नाही.

बंद खोलीतली शेगडी

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायची आहे, कारण इथे आपण थंडीपासून वाचायला जातो आणि वाचवणारी वस्तूच जीव घेते.

कोळसा, लाकूड, गोवऱ्या, काहीही धुमसत असताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर निघून गेला, नुसते लालबुंद निखारे उरले, आता भीती नाही असं वाटतं, तेव्हाही हा वायू निघतच असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. झोपेत असलेल्याला जाग येत नाही.

आपल्याकडे सगळ्यात नाजूक जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. दारं-खिडक्या बंद, फटींना फडकी, बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं, वर ओवा-बाळंतशेपाची धुरी. माझी बहीण बाळंतपणाला आली तेव्हा तिसऱ्या रात्री तिचं डोकं ठणकायला लागलं, मळमळ झाली. आईला वाटलं पित्त असेल. बाळ दूध ओढेना, मलूल पडलं. दार उघडून दोघांना ओसरीत आणलं तेव्हा अर्ध्या तासात फरक दिसला. दवाखान्यात नेलं, दोघं बरी झाली. त्या रात्री आई कुठल्याशा आवाजाने उठली नसती तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

शेक द्यायला माझा विरोध नाही, बाळंतिणीला ऊब हवीच. पण निखारे खोलीत ठेवून झोपायचं नाही. शेक घेताना समोरासमोरची दार-खिडकी चार बोटं उघडी, आणि झोपण्याआधी घमेलं अंगणात. बाळाच्या नाकाला धुरी लागू देऊ नका. बाळाला ऊब द्यायचा सगळ्यात चांगला उपाय आईचं अंग आहे: बाळाला टोपी-मोजे घालून, उघड्या छातीला छाती लावून, वरून कांबळ. कमी वजनाच्या बाळांना दवाखान्यातही हेच करायला सांगतात. जन्मल्याबरोबर आंघोळ नको, निदान पहिला दिवस तरी.

गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तोही याच यादीत येतो. तो बाहेर बसवून घ्या. ते होईपर्यंत पाणी बादलीत काढा, गिझर बंद करा, मग आत जा. एका खोलीतल्या दोघातिघांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, गरगरतंय, असं झालं तर ते अपचन समजू नका. दार उघडा, सगळे बाहेर, १०८. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

म्हातारी माणसं

थंडीत रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो, आणि पहाटे हृदयविकाराचे झटके जास्त येतात. साठीच्या पुढच्यांनी पाचचा फेरफटका उन्हं आल्यावर, आठनंतर काढावा. बीपीची गोळी हिवाळ्यात आपणहून कमी-जास्त करू नये. म्हाताऱ्यांना थंडी वाजल्याचं उशिरा कळतं, म्हणून 'थंडी वाजते का?' असं विचारण्यापेक्षा पोटाला हात लावून बघा. पोट गार लागलं तर काळजी करा. शेजारी एकटी राहणारी आजी असेल तर सकाळी एकदा हाक मारायची. वाफारे, छातीला तेल, डिंकाचे लाडू हे सगळं चालू द्या, पण छातीत दुखणं, एका बाजूला तोंड वाकडं होणं, याला घरगुती उपाय नाही.

मोटारसायकल

हवा ८ अंश आणि गाडी ताशी ५० ने, म्हणजे अंगाला ३ अंशांच्या आसपास. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा, वारा अडतो. हातमोजे नसतील तर ब्रेक दाबायला बोटं उशिरा वळतात, तेव्हा हा काही थाटाचा प्रश्न नाही. पहाटे तापी-गिरणेच्या पुलांवर धुकं असतं, तिथे हेडलाइट लोवर ठेवा. उसाच्या बैलगाड्यांना मागे रेडियम नसतं, त्या वेळेत दिसतील असं गृहीत धरू नका.

गोठा आणि केळी

गोठ्याच्या उत्तरेच्या बाजूला गोणपाटाचे पडदे लावा, पण वरची हातभर जागा उघडी ठेवा, नाहीतर मुताच्या वासाने जनावरांची छाती भरते. खाली कोरडा भुसा. ओली जमीन जनावराला वाऱ्याइतकीच वाईट. करडं आणि नवीन वासरं आधी जातात. जन्मल्यावर पुसून कोरडी करा आणि पहिल्या तासाभरात चीक पाजा. पाणी विहिरीचं ताजं काढून द्या, रात्रभर हौदात गारठलेलं नको. पशुवैद्यकीय मदतीला १९६२.

केळीवर चरका पडतो ते रावेर-यावलकडे सगळ्यांना माहीत आहे. पारा दहाच्या खाली काही दिवस राहिला की पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, घड नीट निसवत नाही, सालीचा रंग मळकट होतो. उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या बांधावर शेवरीची किंवा गजराज गवताची ताटी असेल तर निम्मं काम झालं. पण ती जूनमध्ये लावलेली असावी लागते, डिसेंबरात आठवून उपयोग नाही. घडांना स्कर्टिंग बॅग किंवा केळीचीच वाळलेली पानं. विहिरीचं पाणी रात्रीच्या हवेपेक्षा गरम असतं, म्हणून लाटेत रात्री पाणी द्यायला सांगतात. ते ठिबकनेच द्या. केळी वाचवायला माणूस भिजवायचा नाही. फळपीक विमा काढला असेल तर कमी तापमानाचे निकष पॉलिसीत वाचून ठेवा. नोंद महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची धरतात, तुमच्या बांधावरच्या थर्मामीटरची नाही.

वादळी वारा आणि गारा

आपल्याकडे जमीन पांढरी होते ती गारांनी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. हिवाळा उतरताना दुपारी उकाडा वाढला आणि एका बाजूने काळसर-हिरवट ढग चढून आला तर काम सोडा. झाडाखाली थांबू नका, वीज आणि फांदी दोन्हींची भीती. पत्र्याच्या शेडमध्ये जाण्याआधी पत्रे बांधलेत का ते बघा. वाऱ्यात उडालेला पत्रा कोयत्यासारखा येतो. उघड्यावर सापडलात तर डोक्यावर घमेलं, टोपली, काही नसेल तर दोन्ही हात, आणि पाय जुळवून उकिडवे बसा. पत्र्यांवरचे सैल दगड हिवाळ्याआधीच काढून तारेने बांधा. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' अॅप फोनमध्ये ठेवलं तर जवळपासच्या विजेचा इशारा मिळतो.

वादळानंतर पडलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असं कधीही समजू नका. निदान दहा मीटर लांब राहा, गुरांना तिकडे जाऊ देऊ नका, वीज कंपनीच्या १९१२ ला कळवा. ओल्या जमिनीतून वीज पायांत येते.

आणि भरताच्या पार्ट्या. मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजण्यासारखं सुख नाही, पण वारा सुटलेला असताना त्या काड्यांच्या ठिणग्या लांब जातात. कडब्याची गंजी वाऱ्याच्या दिशेला असेल तर जागा बदला, दोन बादल्या पाणी शेजारी ठेवा, आणि उठण्याआधी राख पाण्याने पूर्ण विझवा. मातीने झाकलेला निखारा पहाटेच्या वाऱ्याला पुन्हा पेटतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला दत्तजयंतीच्या थंडीत तापीकाठी मुक्काम करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं: झोपायला नदीच्या पात्रापेक्षा वरची जागा, खाली पेंढा, आणि तंबूत शेकोटी नाही.

खरा बर्फ बघायला जाणाऱ्यांसाठी

हल्ली भुसावळहून गाडी धरून हिवाळ्यात मनाली-काश्मीरला जाणारे खूप वाढलेत. वरचं सगळं तिथेही लागू आहे, फक्त चुकायला जागा कमी. बोट, नाक, कान पांढरट पडून बधिर झालं तर चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. आत जाऊन ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे कोपराला कोमट लागेल अशा पाण्यात बुडवा. पुन्हा गारठण्याची शक्यता असेल तर तिथे वितळवू नका, आधी सुरक्षित जागी पोहोचा. बर्फात गाडी अडकली तर गाडी सोडून चालत निघू नका. हीटरसाठी इंजिन चालू करायचं तर आधी सायलेन्सरपाशी साचलेला बर्फ हाताने काढा, काच थोडी खाली ठेवा, तासातून दहा मिनिटंच चालवा. बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून जो वायू निघतो, तोच गाडीच्या धुरात असतो. हॉटेलात अंगीठी किंवा शेगडी दिली तरी झोपताना बाहेर ठेवायला सांगा.

आमच्या घरात आता दाराशेजारी खिळ्याला कोरड्या कपड्यांची पिशवी टांगलेली असते, आणि तिच्यावर भिंतीवर खडूने १०८, ११२, १९१२, १९६२ लिहिलेलं आहे. लाइटचा रात्रीचा आठवडा सुरू झाला की नाना आधी ती पिशवी हाताने चाचपून बघतात, मग टॉर्च शोधतात.